प्रमाणपत्रानंतर घरी कोण येतं?

दिव्यांग माणसाची आणि सरकारी आरोग्ययंत्रणेची पक्की गाठ बहुधा एकदाच पडते: जिल्हा रुग्णालयात, प्रमाणपत्राच्या दिवशी. ठरलेल्या वारी पहाटेची एसटी गाठायची, केसपेपर काढायचा, नंबर लागेपर्यंत बाकड्यावर बसून राहायचं आणि शेवटी कागदावर एक टक्केवारी उमटते. ती चाळीस किंवा त्याच्या वर गेली तर एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना, नोकरीतलं आरक्षण अशी दारं किलकिली होतात. खाली राहिली तर परतीची एसटी. या कागदाचं मोल मी कमी लेखत नाही. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात ते उगाच नाही. पण उद्या सकाळी या माणसाला कुशीवर कोण वळवणार, त्याची लघवीची नळी कोण बदलणार, फिटच्या गोळ्या संपल्या तर कोणाला सांगायचं, याबद्दल तो कागद काहीच बोलत नाही. ते काम कोणाचं, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: ते गावातल्या सिस्टरचं आहे, आणि आपण ते तिच्या कामात कधी धरलेलंच नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर अडचण दिसत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, इथे ते २१ झाले. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, कुष्ठरोगातून बरे झालेले, सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मानसिक आजार असे जुने-नवे अनेक जण या यादीत आहेत. यातल्या बऱ्याच जणांना रॅम्पच्याही आधी रोजची शुश्रूषा लागते. कलम २५ म्हणतं की दिव्यांगांना घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा मिळावी. उत्पन्नाची अट सरकार ठरवील. खेड्यात घराजवळची सरकारी आरोग्यसेवा म्हणजे उपकेंद्र. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक, असा त्याचा नियम.

आता साधा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रातला आकडा साडेएकोणतीस लाखांच्या वर. याच प्रमाणाने ५,००० वस्तीच्या उपकेंद्राच्या हद्दीत ११० माणसं निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालातला अंदाज घेतला, दर सहा माणसांत एक, तर हाच आकडा आठशेपार जातो. दोन्हीत एवढी तफावत का, हे प्रगणक दारात उभा असतानाचं दृश्य डोळ्यांपुढे आणलं की कळतं. आतल्या खोलीतलं मूल सांगितलं जात नाही, आजीला दिसत नाही ते ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि वेडाचा आजार तर कोणी उच्चारतच नाही. तूर्त ११० च धरू. एवढ्या लोकांची यादी आशाताई आठवड्याभरात करून देतील. त्यांना घरं पाठ असतात.

पण सिस्टरच्या टेबलावर जी रजिस्टरं आहेत ती पात्र जोडप्यांची, गरोदर मातांची, लसीकरणाची. याला इतिहास आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीने खेड्यापर्यंत पोचणाऱ्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. पुढे १९७३ च्या करतारसिंग समितीने एएनएमला बहुउद्देशीय कर्मचारी केलं. ही एएनएम म्हणजेच आपली सिस्टर. आपल्याकडे तिला आरोग्यसेविका म्हणतात. नावात बहुउद्देश आला, पण प्रत्यक्षात उद्देश तीनच राहिले: बाळंतपण, लस आणि नसबंदी शस्त्रक्रियेच्या केसेस. कुटुंबनियोजनाची टार्गेटं १९९६ मध्ये कागदावरून गेली, तरी ती सवय गेली नाही. ज्याचं रजिस्टर नाही ते काम महिन्याच्या मीटिंगमध्ये विचारलं जात नाही, आणि जे विचारलं जात नाही ते होत नाही. यात सिस्टरचा आळस शोधणाऱ्यांनी एकदा तिच्याबरोबर दिवसभर फिरून यावं.

याच यंत्रणेने अपंगत्वाविरुद्ध मोठी लढाई जिंकली आहे, हे मात्र आपण विसरतो. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला तो वाड्यावस्त्यांवर लशीचे डबे खांद्याला लावून गेलेल्या बायकांमुळे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून दाखवून दिलं. २०११ पासून तीच पद्धत आशांमार्फत देशभर गेली. म्हणजे घरी जाऊन नाजूक काम करणं या व्यवस्थेला जमत नाही, असं म्हणायला जागा नाही.

मुलांच्या बाबतीत पुढचं पाऊलही पडलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता अशी पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन जन्मजात व्यंगं, वाढीतले अडथळे हुडकतात. शोधण्याचं काम चांगलं होतं. घोडं अडतं ते नंतर. मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं, तिथे थेरपी आठवड्यातून एकदा तरी हवी असते, आणि आईची त्या दिवशीची मजुरी बुडते. तीन-चार खेपांनंतर ती येणं थांबवते. फाइलवर शेरा पडतो: पालकांचा प्रतिसाद नाही.

आता शुश्रूषेकडे जवळून पाहू, कारण ‘काळजी’ हा शब्द फार सैल आहे.

झाडावरून पडून किंवा मोटारसायकलच्या अपघातात पाठीचा कणा मोडलेला तरुण घ्या. हॉस्पिटलमधून घरी आला, कमरेखाली संवेदना नाही. त्याला मारतं ते कण्याचं मोडणं नव्हे. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मारतात त्या पाठीच्या जखमा आणि लघवीतला जंतुसंसर्ग. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगभर हेच चाललं होतं. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला लुडविग गटमन यांनी कणा-दुखापतीचं केंद्र सुरू केलं आणि ही माणसं जगू लागली. त्यामागे कुठली जादूची शस्त्रक्रिया नव्हती. रात्रंदिवस ठरलेल्या वेळी कूस बदलणं, कातडी तपासणं, मूत्राशय सांभाळणं, म्हणजे निव्वळ नर्सिंग होतं. पुण्यात खडकीला जवानांसाठी १९७४ पासून असं केंद्र आहे. खेड्यातल्या शेतमजुराला तसं काही नाही.

त्याच्या घरी आलेली जाणती सिस्टर आधी ब्लडप्रेशर बघत नाही. ती त्याला पालथा करायला सांगते आणि माकडहाड, खुबे, टाचा बघते. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबते. दाब काढल्यावर तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर वेळ आहे. लालचा लालच राहिला तर आतलं मांस मरायला लागलं आहे. घरच्यांनी मायेने केलेल्या दोन गोष्टी तिला थांबवाव्या लागतात. एक, त्या डागावर स्पिरिट लावून जोरात चोळणं. दुसरी, बुडाखाली फुगवलेली ट्यूब ठेवणं. ट्यूबने मधला भाग अधांतरी राहतो हे खरं, पण कडेच्या गोल दाबाने तिथला रक्तपुरवठा आवळला जातो आणि जखम वाढते. मग ती उशा आणि घडी घातलेली गोधडी घेऊन टाचा अधांतरी कशा ठेवायच्या ते करून दाखवते. पाणी किती पितोस, असं विचारते. उत्तर ठरलेलं: कमी. लघवी कमी व्हावी, बायकोला त्रास नको म्हणून तो दिवसभर तहानलेला राहतो, आणि त्यातूनच संसर्ग आणि मुतखडा होतो. दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढून टाकायची पद्धत अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये मांडली. तिचं खरं सामर्थ्य असं की निर्जंतुक मोजे-ट्रे लागत नाहीत, साबणाने धुतलेले हात पुरतात. कायमची नळी ठेवण्यापेक्षा ही पद्धत किती तरी बरी, आणि हात चालत असतील तर तो स्वतःच ती शिकू शकतो. पण त्याला बसवून, आरशासारखं काहीतरी समोर धरून, न लाजता शिकवणारं कोणी तरी लागतं.

हे सगळं हॉस्पिटलच्या नर्सलाही येतं. घरी वेगळंच गणित असतं. ‘दर दोन तासांनी वळवा’ हे डिस्चार्ज कार्डावर लिहिणं सोपं आहे. बायको नऊ ते पाच खुरपायला जाते, सासू थकलेली, मुलगा शाळेत. तिथे तोच सल्ला पुन्हा ऐकवणारी सिस्टर निरुपयोगी. मधल्या सुट्टीत घरी येणारा मुलगा एकदा वळवू शकतो का, दुपारी तासभर पालथं झोपणं त्याला झेपतं का, एअर बेड गावात कोणाकडे पडून आहे का, असं त्या घराचं वेळापत्रक बघून जी शुश्रूषा बसवते ती खरी सामुदायिक परिचारिका. हे कौशल्य आहे, आणि ते पुस्तकातून फार थोडं येतं. शिबिरात वाटलेल्या व्हीलचेअरचंही तसंच. फोटो निघतात, खुर्ची घरी येते. ती मापाची नसली, बसायला जाड गादी नसली तर ती खुर्चीच जखम करते. ते पहिल्यांदा दिसतं घरी गेलेल्या सिस्टरला, आणि तिला ते नोंदवायला जागा नसते.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची आई बाळाला मांडीवर आडवं घेऊन भरवते, जसं सगळ्या भरवतात. या मुलाचा घास मात्र आडवं असताना श्वासनलिकेकडे उतरतो, खोकला होतो, वारंवार न्यूमोनिया होतो. मूल भिंतीशी किंवा कोपऱ्यात टेकून बसतं, मान किंचित पुढे, पातळ वरणाच्या पाण्याऐवजी घट्टसर नाचणीची पेज, छोटा चमचा, घास गिळल्याची खात्री करून मगच दुसरा: एवढ्या बदलाने हॉस्पिटलची वारी टळू शकते. फिट आली की नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात. ते थांबवून कुशीवर वळवायला, तोंडात काही न घालायला आणि घड्याळ बघायला शिकवायचं. पाच मिनिटांवर फिट गेली तर दवाखाना. आणि गोळ्यांचा खंड पडू न देणं, जे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं.

मुली मोठ्या झाल्या की प्रश्न आणखी अवघड होतो. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. कारण दिलं होतं पाळीच्या स्वच्छतेचं. त्यावर महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला, बाजू घेणारे डॉक्टरही पुढे आले. त्या वादात हक्कांबद्दल पुष्कळ बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. मला खटकतं ते निराळं. पाळीत पॅड बदलायला शिकवणं ही मुळात शिकवण्याची गोष्ट आहे: कॅलेंडरवर लाल खूण, बाहुलीवर सराव, ठरलेल्या वेळी आठवण. महिनोन्‌महिने लागतात, पण पुष्कळ मुली शिकतात. ते शिकवणारं माणूस व्यवस्थेत नव्हतं, म्हणून सर्जनकडे जावं लागलं. आजही सिस्टरच्या गृहभेटीत दिव्यांग मुलीच्या पाळीबद्दल, दिव्यांग बाईच्या गर्भनिरोधनाबद्दल कोणी विचारत नाही. अंध किंवा चालू न शकणारी बाई गरोदर राहिली तर पहिली प्रतिक्रिया नवलाची असते. २०१६ च्या कायद्याने प्रजननाचा हक्क कलम १० मध्ये स्पष्ट लिहिला आहे, पण तपासणीच्या टेबलाची उंची अजून तीच आहे.

मानसिक आजारांबाबत थोडक्यात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना घरी भेटणाऱ्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांचा प्रयोग गोवा, महाराष्ट्र आणि तमिळनाडूत झाला. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा लक्षणं आणि अपंगत्व दोन्ही कमी झाली. सुधारणा बेताची होती, पण खरी. कुष्ठरोगात तर उलटा प्रवास झाला. २००५ च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून रोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं आणि लक्ष उडालं. रोग बरा झालेल्या, पण पायाची संवेदना गेलेल्या माणसाला रोज पाय भिजवून तेल लावायचं असतं, तळवे बघायचे असतात, मऊ रबराची एमसीआर चप्पल घालायची असते. जंतू मेल्यावरही हे आयुष्यभर चालतं. विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यातल्या सिकल सेलच्या रुग्णांनाही अशीच आयुष्यभराची सोबत लागते.

मग हे कुठे जमलंय? महाराष्ट्रात पहिलं नाव जामखेडचं. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. गावातल्या, बहुतेक निरक्षर बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या आणि परिचारिकांसह फिरतं पथक त्यांच्या पाठीशी राहिलं. कुष्ठरोगी त्यांनी वेगळे काढले नाहीत, गावातच सांभाळले. कृत्रिम पाय बनवायची कार्यशाळाही उभी केली. तिथे परिचारिका हुकूम देणारी नव्हती, शिकवणारी होती. जगभर नावाजलेला हा प्रयोग आपल्या सरकारी व्यवस्थेत मात्र अर्धामुर्धाच उतरला.

केरळने दुसरी वाट धरली. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमनाचं काम सुरू झालं ते कॅन्सरसाठी. घरोघर गेल्यावर कार्यकर्त्यांना दिसले पक्षाघाताचे, कणा मोडलेले, वर्षानुवर्षं अंथरुणात असलेले लोक. २००८ मध्ये राज्याने धोरण केलं, आणि आज तिथल्या पंचायतींकडे प्रशिक्षित गृहशुश्रूषा नर्स आहे. ती गाडीतून ठरलेल्या दिवशी घरी जाते, सोबत आशा किंवा गावातले स्वयंसेवक. नळी बदलते, जखम धुते, पुढच्या वेळी काय लागेल ते लिहून घेते. या नर्सेस बहुतेक कंत्राटी आहेत आणि त्यांचं दुखणं तिथेही संपलेलं नाही. पण पंचायत पैसे देते म्हणून पंचायतीत हिशेब विचारला जातो, ही मला त्यातली कळीची बाब वाटते.

ब्रिटनमध्ये घरी जाणाऱ्या नर्सची परंपरा लिव्हरपूलला १८५९ मध्ये विल्यम रॅथबोन यांनी सुरू केली. तिथे बौद्धिक अपंगत्वाच्या शुश्रूषेची नर्सिंगमध्ये स्वतंत्र शाखा आहे. तरीही २०१३ च्या चौकशीत आढळलं की बौद्धिक अपंगत्व असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ आणि स्त्रिया २० वर्षं लवकर मरतात. एक मोठं कारण असं की पोट दुखतंय म्हणून ओरडणारा माणूस ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून परत पाठवला जातो. तिथल्या परिचारिकांनी यावर काढलेला एक उपाय आपल्याला फुकट उचलता येईल. दुखलं तर हा काय करतो, कशाला घाबरतो, औषध कशातून घेतो, हे एका कागदावर लिहून ठेवायचं आणि दवाखान्यात जाताना सोबत न्यायचं. वहीचं एक पान आणि आईशी अर्धा तास बोलणं, एवढंच लागतं.

आपल्याकडे सध्या संधी आहे. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर नाव मिळालं, आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे नवं पद आलं. या केंद्रांनी द्यायच्या सेवांचे बारा गट आहेत. वृद्ध आणि वेदनाशामक सेवा त्यात आहे, मानसिक आरोग्य आहे, डोळे-कान-दात आहेत. अपंगत्वाचा स्वतंत्र गट नाही. ते काम बारा ठिकाणी वाटलं गेलंय, म्हणजे कोणाचंच नाही. दुसरीकडे ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याण विभाग वेगळा केला. विभाग वेगळा झाल्याने प्रश्न मंत्रालयात दिसू लागला, हे चांगलंच झालं. धोका असा की आता आरोग्य खातं म्हणेल, ते तुमचं.

सिस्टरच्या गळ्यात आणखी एक रजिस्टर अडकवणं हा मात्र उपाय नव्हे. तिच्याकडे आधीच टॅबलेट आहे, पोर्टल आहेत, आणि रात्री घरी बसून भरायच्या नोंदी आहेत. केरळसारखी स्वतंत्र नर्स निदान प्राथमिक आरोग्य केंद्राला एक हवी. पैशाचा प्रश्न येणारच. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा आपला नियम आहे, आणि अनेकदा तो निधी वर्षाअखेरीस थोडथोडा रोख वाटला जातो. त्या पैशांवर गरजू माणसाचा हक्क आहे, तो काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण लहान गावात पाच टक्के म्हणजे किती, हे ग्रामसेवकाला विचारून बघा. त्यातून पगार निघत नाही, एअर बेड आणि नळ्या निघू शकतात. पगार राज्यानेच द्यायला हवा. घरी सांभाळणाऱ्या माणसासाठी भत्त्याची तरतूद केंद्राच्या कायद्यात कलम २४ मध्ये आहे. सांभाळणारं माणूस म्हणजे जवळजवळ नेहमीच आई, बायको किंवा सून. तिचंही ब्लडप्रेशर कोणी तरी मोजावं.

एक आक्षेप दिव्यांग चळवळीतून येतो आणि तो रास्त आहे: आम्ही पेशंट नाही, आमच्या घरात पांढरा कोट कशाला? पोलिओने पाय गेलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाला सिस्टर नको, बसची पायरी खाली हवी. म्हणून यादीतल्या ११० पैकी कोणाकडे जायचं आणि कोणाला सोडायचं हे त्यांना विचारूनच ठरलं पाहिजे. आणि ज्याच्याकडे जायचं, तिथेही प्रश्न आईला न विचारता त्याला विचारायचा. बोलता येत नसेल तर डोळ्यांनी, हाताच्या खुणेने, पाटीवर. कर्णबधिर बाईची तपासणी नवऱ्यामार्फत करणं सोयीचं असतं, पण मार कुठे लागला हे ती नवऱ्यासमोर सांगणार नाही.

तेव्हा अशी नर्स नेमायची झाली तर तिच्या कामाचं मोजमाप आधी ठरवावं लागेल. भेटींची संख्या मोजली तर ती दारातून हाक मारून पुढे जाईल. किती जणांना नवीन जखम झाली नाही, किती मुलांच्या गोळ्यांत खंड पडला नाही, किती जण स्वतः नळी घालायला शिकले, हे मोजलं तर तिला घरात बसावं लागेल. तिला दुचाकी, पेट्रोलचे पैसे आणि रजेवर गेली तर बदली माणूस लागेल. फिजिओथेरपिस्टला फोन लावायची सोय लागेल. आणि ग्रामीण रुग्णालयाने तिने पाठवलेला माणूस रांगेत न बसवता आत घ्यावा. कलम २५ मध्ये दिव्यांगांना उपचारात प्राधान्य लिहिलेलंच आहे.